पुदिन्याचं पान, पुदिन्याचं फूल

आजचा भाग पुदिन्यावर आहे, पण सुरुवात पुदिन्यापासून करत नाही. सुरुवात करते एका मोटारगाडीपासून.

फेब्रुवारी १९४४. जागा आमच्या येरवड्यातली, नगर रस्त्यावरचा आगाखान पॅलेस. १८९२ साली सुलतान मोहम्मद शहा आगाखान यांनी बांधलेला हा वाडा तेव्हा तुरुंग झालेला आहे. आत महात्मा गांधी आहेत, कस्तुरबा आहेत. महादेवभाई देसाई याच वाड्यात १५ ऑगस्ट १९४२ ला गेले, अटक होऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. आता कस्तुरबांचं हृदय थकलंय. श्वास लागतो, रात्र रात्र झोप नाही.

आणि वाड्याच्या फाटकाबाहेर एक गाडी उभी आहे. गाडीत एक माणूस झोपलाय, किंवा झोपायचा प्रयत्न करतोय. ते आहेत लाहोरचे वैद्य पंडित शिव शर्मा. सरकारने त्यांना दिवसा आत येऊन कस्तुरबांना औषध द्यायची परवानगी दिली होती, रात्री आत राहायची नाही. आणि बांना काही झालं तर हाकेच्या अंतरावर असावं म्हणून वैद्यबुवा गाडीतच रात्र काढत होते. गांधीजींनी यावरून तुरुंगाच्या अधिकाऱ्यांना पत्रं लिहिली.

ही गाडी लक्षात ठेवा. भागाच्या शेवटी आपल्याला तिच्याकडे परत यायचंय.

आता पुदिना. या विषयाचं निमित्त आहे एका श्रोत्या आजींचा व्हॉइस मेसेज. त्या म्हणतात, "माझा नातू दोन महिन्यांचा आहे. त्याला सर्दी झालीय. आमच्याकडे पूर्वीपासून पुदिन्याचं फूल, ओव्याचं फूल आणि कापूर एकत्र करून बाटलीत ठेवतात. ते तेलात मिसळून बाळाच्या छातीला आणि नाकाला लावायचं म्हटलं, तर सून नको म्हणते. सगळं झाडपाल्याचंच तर आहे. तुम्ही इतिहास सांगता, तर याचाही सांगा."

आजींना मी लगेच फोन करून एवढंच सांगितलं की आज लावू नका, बाळाच्या डॉक्टरांना विचारा. पण प्रश्न मनात राहिला, कारण तो फार जुना आणि फार चांगला प्रश्न आहे. झाडपाल्याचंच तर आहे ना? मग त्यात काय वाईट?

तर आधी पान.

पुदिना हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. चरक-सुश्रुतांत या नावाची वनस्पती भेटत नाही. आज आपण त्याला आजीबाईच्या बटव्यात इतकं सहज ठेवतो की तो तिथे कायमच होता असं वाटतं. पण त्याची भावकी मात्र जुनी. तुळस, सब्जा, पानओवा ही सगळी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने पुदिन्याच्याच कुळातली. चौकोनी देठ, समोरासमोर पानं, आणि पान चुरगळलं की वास. हा वास पानावरच्या बारीक ग्रंथींतल्या तेलाचा असतो. किडे-अळ्यांनी आपल्याला खाऊ नये म्हणून झाडाने केलेला तो बंदोबस्त आहे. म्हणजे आपल्याला जे औषध वाटतं, ते मुळात कुणाला तरी दूर ठेवण्यासाठीच तयार झालेलं आहे. हे मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा फार मजेशीर वाटलं होतं.

आपल्या घरांत पुदिना कशासाठी वापरला गेला? पोट फुगलं, मळमळ होतेय, तापानंतर तोंडाला चव नाही, तर पुदिन्याची चटणी, पुदिन्याचं ताक, लिंबू-सैंधव घालून पुदिन्याचा रस. यात तथ्यही आहे. पुदिन्याच्या जातीतल्या पेपरमिंटचं तेल आतड्याच्या स्नायूंचा आवळ सैल करतं. वारंवार पोटात कळा येणाऱ्या काही रुग्णांना आजचे डॉक्टरही पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल देतात. या कॅप्सूल पोटात न विरघळता पुढे आतड्यात जाऊन विरघळतील अशाच बनवलेल्या असतात. कारण हेच तेल जठराच्या वरची झडपही सैल करतं, आणि मग आंबट पाणी घशाशी येतं. ज्यांना आधीच ॲसिडिटीने छातीत जळजळ होते, त्यांचा त्रास पेपरमिंटने वाढू शकतो तो असा.

पण चटणीतल्या पुदिन्याने सहसा कुणाचं काही बिघडत नाही. का? कारण तेल फार थोडं असतं. शंभर ग्रॅम ओल्या पानांत अर्धा-पाऊण ग्रॅम, कधी त्याहूनही कमी. आणि आपण शंभर ग्रॅम पानं काही एका बैठकीत खात नाही. जुडीभर पुदिना चार माणसांच्या चटणीत जातो.

आता फूल.

मी हा भाग लिहायला घेतला तेव्हा काष्ठौषधींच्या दुकानात गेले आणि म्हटलं, "पुदिन्याचं फूल द्या." दुकानदाराने बरणी काढली. आत लांब, पारदर्शक, काचेच्या सुयांसारखे खडे. झाकण उघडताच डोळ्यांत पाणी. शेजारच्या बरणीत ओव्याचं फूल, तेही खडेच. आता पुदिन्याला फूल येतं, बारीक जांभळट तुऱ्यांचं. पण त्या बरणीत त्यातलं काही नव्हतं. तो होता मेंथॉल. ओव्याचं फूल म्हणजे थायमॉल. जुन्या लोकांनी तेलातून वेगळ्या होणाऱ्या शुभ्र स्फटिकांना फूल म्हटलं. नाव सुंदर आहे, पण या नावाने आपली एक फसगत केलीय. फूल म्हटलं की ते पानाहून नाजूक, पानाहून सौम्य असणार असं वाटतं. इथे उलट आहे.

थोडा हिशेब करू. ज्या पुदिन्यापासून मेंथॉल काढतात, त्याचं एक ग्रॅम फूल मिळवायला साधारण पाव किलो ओला पाला लागतो. म्हणजे चिमटीत मावणारा खडा हा पिशवीभर पुदिना आहे.

आणि दुसरी गंमत. मंडईत मिळणारा आपला चटणीचा पुदिना बहुतेकदा मेंथा स्पायकाटा या जातीचा असतो. त्याच्या वासाचं मुख्य द्रव्य कार्व्होन. त्यात मेंथॉल जवळपास नसतंच! पुदिन्याचं फूल येतं ते दुसऱ्या पुदिन्यापासून, ज्याला शेतकरी जपानी पुदिना किंवा नुसतं मेंथा म्हणतात. म्हणजे आजींच्या बाटलीतलं फूल आणि त्यांच्या परसातलं पान यांचा संबंध सख्ख्या बहिणींचाही नाही, चुलत बहिणींचा आहे.

हे जपानी प्रकरण काय? मेंथॉलचे खडे वेगळे करून त्यांचं वर्णन केलं ते हॉलंडमध्ये लायडन इथे, गाउबियस नावाच्या वैद्यकाच्या प्राध्यापकाने, १७७१ मध्ये. पण त्याचा मोठा व्यापार उभा केला जपानने. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत जगाला मेंथॉल पुरवणारा देश म्हणजे जपान. आपल्याकडे बामच्या आणि थेंबांच्या बाटल्या घराघरांत शिरल्या त्या याच काळात. १८९३ मध्ये काशीनाथुनी नागेश्वर राव यांनी मुंबईत अमृतांजन सुरू केलं. हेच नागेश्वर राव पुढे 'आंध्र पत्रिका' काढणारे, स्वातंत्र्य चळवळीतले. पिवळा बाम ही मुळात मुंबईच्या तेलुगू माणसाची निर्मिती आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असतं. १९०१ मध्ये लाहोरला पंडित ठाकुरदत्त शर्मांनी अमृतधारा बाजारात आणली. लाहोर पुन्हा आलं, पाहा.

अमृतधारेची कृती नंतर घरोघरी गेली. पुदिन्याचं फूल, ओव्याचं फूल, कापूर, तिन्ही समभाग. तीन कोरडे खडे बाटलीत घालून हलवायचे, पाणी नाही, तेल नाही, आणि थोड्या वेळात त्यांचं आपोआप पाणी होतं. लहानपणी आजोळी हे पाहिलं तेव्हा मला जादूच वाटली होती. रसायनशास्त्रात याचं साधं उत्तर आहे. हे पदार्थ एकमेकांत मिसळले की मिश्रणाचा वितळण्याचा बिंदू खाली येतो, इतका खाली की ते घरातल्या तापमानालाच वितळतात. पण ती बाटली पाहणाऱ्याला ते अमृतच वाटणार!

जपानी पुदिना भारतात आला १९५० च्या दशकात. आधी जम्मूच्या संशोधन प्रयोगशाळेत, मग तराईत, मग उत्तर प्रदेशभर. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने त्याच्या भरपूर तेल देणाऱ्या जाती काढल्या. आज बाराबंकीच्या बाजूला एप्रिल-मेमध्ये गेलात तर शेतंच्या शेतं मेंथ्याची दिसतील, बांधावर तेल गाळायच्या टाक्या. जगात सगळ्यात जास्त मेंथा तेल आता भारतात निघतं आणि मुंबईच्या वायदे बाजारात सोन्या-चांदीसारखे त्याचे सौदे होतात. पूर्वी खडा महाग होता, मोजून वापरला जायचा. तो स्वस्त झाला, आणि टूथपेस्टपासून तंबाखूपर्यंत सगळीकडे पोचला. घरातली अमृतधारेची बाटलीही मोठी होत गेली.

या फुलाचं शरीरात काय होतं, ते कळलं अगदी अलीकडे. आपल्या नसांमध्ये थंडी ओळखणारी एक प्रथिनाची दारं असतात. मेंथॉल ती दारं गारव्याशिवायच उघडतं. २००२ मध्ये डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापूटियन या दोघांनी स्वतंत्रपणे हे दार शोधलं, मेंथॉलचाच वापर करून. २०२१ चं वैद्यकाचं नोबेल या दोघांना मिळालं, त्यात या कामाचा वाटा आहे. म्हणजे बाम लावल्यावर त्वचा थंड होत नाही, मेंदूला थंडी कळवली जाते. चोंदलेल्या नाकाचंही तसंच. मेंथॉलने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, पण मोजून पाहिलं तर हवेचा रस्ता तितकाच अरुंद असतो. मोठ्या माणसाला त्या वाटण्यानेही झोप लागते, आणि त्यात वाईट काही नाही.

दोन महिन्यांच्या बाळाचं मात्र वेगळं आहे. हा भाग मी जरा सावकाश सांगते.

एक. बाळाच्या नाकाजवळ मेंथॉलचा उग्र वास आला तर त्याच्या स्वरयंत्राचा आवळ होऊ शकतो, श्वास थबकू शकतो. मोठा माणूस तोंड फिरवतो, बाळाला फिरवता येत नाही. म्हणूनच मेंथॉल-कापराच्या औषधांवर दोन वर्षांखालच्या मुलांना लावू नका असं लिहिलेलं असतं.

दोन. कापूर. तो त्वचेतूनही आत जातो आणि पोटात गेला तर काही मिनिटांत आकडी आणू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कापूरतेल बाजारातून काढायला लावलं आणि बाकी औषधांत कापराचं प्रमाण ११ टक्क्यांवर रोखलं. आता आपली समभाग अमृतधारा घ्या. तीत कापूर तेहेतीस टक्के. चहाच्या एका चमच्यात दीड ग्रॅमच्या आसपास. आणि एक ग्रॅम कापूर लहान मुलाच्या जिवावर बेतल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. ही बाटली देवघराच्या फळीवर, मुलाच्या हाताला येईल अशी असते. चुकून पोटात गेलंच तर ओकारी काढायचा खटाटोप करू नका. बाटली हातात घ्या आणि थेट दवाखाना गाठा.

तीन. जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची कमतरता काही मुलांत जन्मतः असते. पारशी आणि सिंधी कुटुंबांत ती जास्त आढळते, पण इतरांतही असते, आणि तपासल्याशिवाय कळत नाही. अशा नवजात बाळाला मेंथॉल आणि कापराने रक्तपेशी फुटून जोराची कावीळ होऊ शकते. कपड्यांतल्या डांबराच्या गोळ्यांनीही तेच होतं.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, ही तर रसायनं झाली, झाडपाला वेगळा. तर पुदिन्याच्याच भावकीतली एक गोष्ट सांगते. युरोपात पेनीरॉयल नावाचा पुदिना आहे, मेंथा पुलेजियम. त्याचा काढा शतकानुशतकं बायका पाळी यावी म्हणून, नको असलेलं गरोदरपण टळावं म्हणून घेत आल्या. १९७८ मध्ये अमेरिकेत कोलोरॅडोला एका अठरा वर्षांच्या मुलीने त्याच कारणासाठी या पुदिन्याचं तेल घेतलं, साधारण ३० मिलिलिटर. काढ्याऐवजी तेल. तेवढ्या एका फरकाने तिचं यकृत निकामी झालं आणि ती गेली. तिच्यापर्यंत झाडाची कीर्ती पोचली होती, मात्रा पोचली नव्हती.

आणि इथे मला आपल्या आज्या आठवतात. कारण त्यांना मात्रा माहीत होती. बाळगुटी आठवा. सहाणेवर आईच्या दुधात एकेक काष्ठौषध उगाळायचं, पण कसं? वेढे मोजून! हळकुंडाचे इतके, वेखंडाचा जेमतेम एक, मूल सव्वा महिन्याचं असेल तर कमी, दात येताना वेगळं. आजचे बालरोगतज्ज्ञ पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीच देऊ नका म्हणतात, आणि ते ऐकावं. पण त्या वेढ्यांत केवढा विचार होता! अमृतधाराही बत्ताशावर दोन थेंब टाकून मिळायची, तीही मोठ्या माणसाला. बत्तासा विरघळला की औषध संपलं. सहाण, वेढा, बत्तासा ही सगळी मापं होती. आपल्याकडे औषधं आली, मापं मागेच राहिली.

आता त्या गाडीकडे जाऊ.

आगाखान पॅलेसमध्ये त्या दिवसांत कस्तुरबांच्या खाटेभोवती जणू सगळी वैद्यकं जमली होती. डॉ. सुशीला नय्यर होत्या. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. गिल्डर होते, तेही कैदीच. पुण्याचे निसर्गोपचारक डॉ. दिनशा मेहता येत होते. मग वैद्य शिव शर्मा आले. शेवटी देवदास गांधींनी कलकत्त्याहून पेनिसिलिन मागवलं, जे तेव्हा अगदी नवीन आणि दुर्मिळ होतं. दर काही तासांनी सुया टोचाव्या लागणार हे कळल्यावर गांधीजींनी नको म्हटलं. त्यांना आता पत्नीला आणखी त्रास द्यायचा नव्हता. २२ फेब्रुवारी १९४४, महाशिवरात्रीच्या संध्याकाळी कस्तुरबा गेल्या. याच वाड्याच्या आवारात, महादेवभाईंच्या शेजारी, त्यांची समाधी आहे.

गांधीजींचा निर्णय बरोबर होता का, यावर ऐंशी वर्षं वाद चालू आहे. मला आज त्यात जायचं नाही. याच वाड्यात १९४२ च्या ऑगस्ट ते डिसेंबरमध्ये त्यांनी आरोग्यावरचं आपलं छोटं पुस्तक लिहिलं होतं, आणि औषधांवर त्यांचा भरवसा कमीच होता. पण त्याच माणसाने वैद्याला रात्री रोग्याजवळ राहू द्या म्हणून सरकारशी पत्रव्यवहार केला. कारण औषध एकदा दिलं म्हणजे संपलं असं नव्हतं. ते लागू पडतंय की बाधतंय, हे रात्रभर कुणीतरी पाहायला हवं होतं. वैद्य शिव शर्मांचे काढे कस्तुरबांना वाचवू शकले नाहीत. काही दिवसांनी उपचार पुन्हा डॉक्टरांच्या हाती गेले. पण फेब्रुवारीच्या थंडीत ते गाडीत का झोपले, हे मला त्यांच्या कुठल्याही औषधापेक्षा जास्त पटतं.

आपण परंपरा म्हणून जे उचललं, त्यात काढा आला, फूल आलं, बाटली आली. फाटकाबाहेरची गाडी आली नाही. व्हॉट्सॲपवर कृती येते, ती पाठवणारा रात्री तुमच्या दारात थांबत नाही.

आजी, तुम्हाला इतिहास हवा होता, तो हा. चटणी करा, ताकात पुदिना घाला, स्वतःच्या गुडघ्यांना बाम चोळा. नातवाला मात्र ते लावू नका. त्याचं नाक चोंदलं असेल तर डॉक्टरांना विचारून मिठाच्या पाण्याचे थेंब, आणि आईचं दूध थोडं थोडं पण वारंवार. श्वास भरभर चालला, बरगड्यांखाली खळगा पडायला लागला, दूध ओढेना, किंवा ताप आला, तर दिवस-रात्र न पाहता घेऊन जा. बाकीची रात्र त्याच्या उशाशी बसा. हे काम तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं येतं.

परवा त्यांचा पुन्हा मेसेज आला. बाळ बरं आहे. बाटली त्यांनी कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलीय आणि सुनेला सांगितलंय, "चुकीची नव्हतीस गं."

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.